मॅनेजर झालात, पाच पुस्तकं मागवलीत, आता त्यातलं एकच उघडा

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देते:

"ताई, मी ३४ वर्षांचा, जुळे सोलापूरला राहतो. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करतो, पंधरा दिवसातून एकदा हुतात्मा एक्सप्रेसनं ऑफिसला जाऊन येतो. अकरा वर्षं कोडिंग केलं, सात महिन्यांपूर्वी मॅनेजर केलं. नऊ जणांची टीम आहे. त्यात एक माझ्याच कॉलेजचा, सोलापूरचाच मित्र, कालपरवापर्यंत 'काय बे' म्हणायचा तो आता मीटिंगमध्ये 'हो सर' म्हणतो आणि गप्प बसतो. एक सीनियर आहे, त्याला काही विचारलं की राग येतो. एक नवीन मुलगी आहे, तिला मोकळं सोडलं तर चार-चार दिवस अडकून बसते पण सांगत नाही. रिलीज दीड महिना मागे पडलंय, मी रात्री एक-दीडपर्यंत स्वतः बग काढत बसतो. साहेब म्हणतात तीन माणसं वाढवून देतो, पुढच्या ऑफिस व्हिजिटला सांग. आणि म्हणतात मॅनेजमेंटचं काहीतरी वाच. पाच पुस्तकं मागवली, एकही चाळीस पानांच्या पुढं गेलं नाही. दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्रजी वाचताना दमायला होतं. वाचून खरंच कुणी चांगला मॅनेजर होतो का? होत असेल तर काय वाचू?"

वाचून कुणी चांगला मॅनेजर होतो का हे आधी घेते कारण बाकी सगळं त्याच्यावरच आहे. होतो. मी सव्वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यातली सोळा माणसं सांभाळण्यात गेली, आणि त्यात जे काही धड करता आलं त्यातलं निम्मं तरी वाचनातून आलं हे मी अगदी मनापासून सांगते. पण पाच पुस्तकं एकदम मागवून, पहिल्या पानापासून सुरुवात करून ते होत नाही. आपल्याला शाळा-कॉलेजातली सवय असते, सिलॅबस संपवायचा, मधे सुटलं की अपराधी वाटतं, मग पुस्तक कपाटात जातं आणि कपाट उघडलं की परत अपराधी वाटतं. मॅनेजरनं असं वाचायचंच नसतं हो. तुमचं आत्ता काय दुखतंय ते तुम्ही पत्रात लिहिलंय, एवढं स्पष्ट लिहिलंय की मला आनंद झाला, तर जे दुखतंय त्याचंच प्रकरण उघडायचं, बाकीचं पुस्तक तसंच राहू दे, पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी दुखेल तेव्हा ते लागेल.

रात्री दीडपर्यंत बग काढता त्याच्यापासून सुरू करू, कारण मला वाटतं बाकीची दुखणी तिथूनच निघालीयत.

माझे वडील इथल्याच एका गिरणीत विणाई खात्यात जॉबर होते. तुमच्या पिढीला जॉबर माहीत नसेल कदाचित, ठराविक माग त्याच्याकडं असायचे, माग बंद पडला की चालू करायचा, विणकराला काय हवं नको बघायचं, थोडक्यात तुम्ही आत्ता जे आहात तेच. वडील आधी स्वतः विणकर, हात चांगला, आणि नवीन जॉबर झाल्यावर एखाद्या मागावर धागा सारखा तुटतोय असं दिसलं की त्या विणकराला बाजूला करून स्वतःच उभे राहायचे, धागा सांधायचे, धोट्याची चाल बघायचे, अर्ध्या तासात माग धडाधड चालू. आणि मागं वळून बघावं तर पलीकडचे चार बंद, कुणाच्या कांड्या संपलेल्या, कुणाचा बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, संपत आला तरी पुढच्या बीमचं कुणी सांगितलेलंच नाही. त्यांचे मास्तर एकदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू एक चालवलास, चार बंद पाडलेस." वडील हे आम्हाला जेवताना इतक्या वेळा सांगायचे की मला पाठ झालं होतं, पण अर्थ कळला तो मी स्वतः टीम घेतल्यावर आणि अँडी ग्रोव्ह वाचल्यावर.

ग्रोव्ह म्हणजे कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या इंटेलचे, कंपनी १९६८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिथं होते, १९८७ ते १९९८ सीईओ, मूळचे केमिकल इंजिनियर, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे तांत्रिक कामातून वर आलेले. त्यांचं 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' १९८३ मध्ये आलं. तुमच्या पाचात ते नसेल तर हे एकच मागवा, असेल तर बाकीची चार आईकडं द्या लपवून ठेवायला. त्यात ते सांगतात की मॅनेजरचं आउटपुट म्हणजे त्याच्या टीमचं आउटपुट, आणि त्याचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्या आजूबाजूच्या टीम्सचं. तुम्ही रात्री काढलेले चार बग त्यात धरायचेच नाहीत असं नाही, पण त्या चार बगांपायी दुसऱ्या दिवशी तुम्ही झोपाळलेले, इतरांचा कोड तपासायचे रिव्ह्यू तुमच्याकडं पडून, दोघंजण तुमच्या उत्तराची वाट बघत बसलेले, हे वजा करायचं. ग्रोव्हचं ते आउटपुटचं वाक्य वाचून मी आठ दिवस अस्वस्थ होते. तुम्हीही व्हाल आणि व्हायला पाहिजे.

त्याच पुस्तकात सुरुवातीला नाश्त्याचं उदाहरण आहे, तीन मिनिटांचं उकडलेलं अंडं, बटर लावलेला टोस्ट आणि कॉफी, तिन्ही एकाच वेळी गरम द्यायचं तर काय आधी करायचं? अंड्याला सगळ्यात जास्त वेळ, म्हणून सगळा हिशेब अंड्यापासून मागं लावायचा. आपल्याकडं मागाला बीम. वारपिंग, सायझिंग, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळणं आणि त्याला खळ लावणं, होऊन बीम यायलाच वेळ लागतो, बीम नाही तर विणकर कितीही हुशार असो, हात बांधून बसणार. तर पुस्तक बाजूला ठेवून तुम्ही एका कागदावर लिहा, तुमच्या रिलीजमध्ये ते अंडं कुठलंय? टेस्टिंगचं एन्व्हायर्नमेंट मिळत नाही ते? क्लायंटकडून डेटा येत नाही ते? माझा अंदाज सांगते, रागवू नका, ते अंडं तुम्ही आहात. सगळे पुल रिक्वेस्ट, म्हणजे मुख्य कोडमध्ये घ्यायच्या आधी तपासायला आलेले बदल, तुमच्याकडून जातायत आणि तुम्ही बग काढताय. खोटा ठरला अंदाज तर मला आनंदच आहे, पण मोजून बघा, एक आठवडा, कुठला रिव्ह्यू किती तास कुणाकडं पडून होता एवढंच.

आता सीनियर आणि ती नवीन मुलगी. तुम्ही ही दोन दुखणी वेगळी लिहिलीत पण ती एकच आहेत. ग्रोव्हच्या पुस्तकात शेवटाकडं एक प्रकरण आहे, टास्क रेलेव्हंट मॅच्युरिटीचं, मराठीत सांगायचं तर या कामात हा माणूस किती मुरलाय. लक्षात घ्या, या कामात. माणूस एकूण किती मुरलाय हा प्रश्नच नाही. ज्या कामात माणूस नवा तिथं काय करायचं, कधीपर्यंत, कसं, हे नीट सांगावं लागतं. थोडा रुळला की दोन्ही बाजूंनी बोलणं, विचारणं, धीर देणं. पूर्ण मुरलेल्याला फक्त कुठं पोचायचंय ते ठरवून द्यायचं आणि लांबून लक्ष ठेवायचं, लक्ष काढून मात्र घ्यायचं नाही.

तुमचा सीनियर समजा पेमेंटचा कोड आठ वर्षं लिहितोय, त्यात तुम्ही रोज 'कुठवर आलं' विचारलं तर तो चिडणारच, मीही चिडले असते. पण तोच जर पहिल्यांदा क्लाउडवर सिस्टिम हलवत असेल तर तिथं तो नवा आहे, आणि तिथं विचारलंच पाहिजे, आणि त्याला हे तोंडावर सांगितलं पाहिजे की पेमेंटमध्ये मी तुम्हाला विचारणार नाही, मायग्रेशनमध्ये सोमवार-गुरुवार पंधरा मिनिटं बसू. माझ्याकडं असाच एक होता. मी हे असं सरळ बोलल्यावर तो म्हणाला, "हे आधीच सांगितलं असतं तर मी वर्षभर कशाला भांडलो असतो." तो भांडत होता कारण मी सरसकट विचारत होते आणि त्याला वाटायचं माझा विश्वासच नाही.

त्या मुलीचं उलट. तिला मोकळीक दिली असं तुम्हाला वाटतंय, तिला वाटतंय मला वाऱ्यावर सोडलंय. तिच्याशी एक साधा नियम ठरवा, दोन तास अडकलं की विचारायचं, न विचारता चार तास गेले तर ती चूक, विचारलं ती चूक नाही. आणि काम देताना तोंडी नको, पाच ओळी लिहून द्या, काय झालं म्हणजे काम झालं म्हणायचं, कुठली फाइल आधी बघायची, कुणाला विचारायचं. तीन महिन्यांनी हे सगळं कमी करायचंय हेही तिला आजच सांगा.

आणि मित्र. हे वाचताना मला जरा गलबलून आलं, कारण 'काय बे' मधलं प्रेम सोलापूरबाहेरच्याला समजावून सांगता येत नाही आणि ते गेलं की काय जातं हेही सांगता येत नाही. वन-ऑन-वन, म्हणजे दोघांचीच ठरलेली मीटिंग, घेता का त्याच्याशी? घेत असाल तर मला खात्री आहे तुम्ही प्रश्न विचारता आणि तो स्टेटस सांगतो. ग्रोव्ह म्हणतात ती मीटिंग समोरच्याची असते, विषय त्यानं आणायचे, सूर त्यानं लावायचा, आणि कमीत कमी तासभर. आम्ही अर्ध्या तासाची घ्यायचो, वाटायचं पुरे, पण माझा अनुभव असाय की पहिली वीस मिनिटं माणूस कामाचं बोलतो, मग जरा इकडचं तिकडचं, आणि खरी गोष्ट निघते ती उठायच्या बेतात असताना, 'अजून एक होतं खरं तर' म्हणून. अर्ध्या तासात ते 'अजून एक' कधी निघतच नाही. तो सोलापुरात असेल तर कॉलवर नको, कंबर तलावाला एक चक्कर मारा दोघं, लॅपटॉप घरी. आणि पहिलं वाक्य तुमचं, की मॅनेजर झाल्यापासून आपलं बोलणं बदललंय, मला ते आवडत नाहीये. त्यानंतर मात्र तुम्ही गप्प बसायचं.

बघा, एका पुस्तकातली तीन-चार प्रकरणं आणि तुमचं जवळजवळ सगळं पत्र त्यात आलं. पण मी आत्ता जे सांगितलं तेवढ्यावर थांबू नका, मूळ वाचा, कारण मी माझ्या टीमच्या चष्म्यातून सांगतेय आणि तुम्ही वाचताना तुमची माणसं डोळ्यासमोर येतील, तीच तर वाचनाची कमाई आहे. याच कारणासाठी दहा मिनिटांत पुस्तक सांगणारे व्हिडिओ माझ्या मते उपयोगाचे नाहीत. त्यातलं काही चुकीचं असतं असं नाही, पण दहा मिनिटांत तुम्हाला त्या मुलीची आठवण यायला वेळच मिळत नाही. कठीण परिच्छेद एआयकडून सोप्या मराठीत करून घेतला तर त्यात काही वाईट नाही, मात्र आधी एकदा स्वतः झगडा.

इंग्रजीचं म्हणाल तर मीही मराठी मीडियमची, तेव्हा हे दमणं मला चांगलं माहितीय. दिवसाला पंधरा पानं, त्याहून जास्त नाही, हातात पेन्सिल. आणि टिपण मराठीत लिहायचं, हा माझा आग्रहच आहे. इंग्रजीत टिपण केलं की पुस्तकातलेच गुळगुळीत शब्द उचलून लिहिले जातात, डेलिगेशन, ओनरशिप, अलाइनमेंट, आणि वाटतं कळलं. मराठीत लिहायला बसलं की 'म्हणजे नक्की काय करायचं?' हा प्रश्न आपोआप येतो. माझ्या वहीतलं एक पान समोर आहे, त्या सीनियरच्या वेळचं, जसंच्या तसं देते: "याला मी विचारते कारण मला भीती वाटते. त्याचं काम बिघडेल म्हणून नाही, वरच्यांनी विचारलं तर मला उत्तर देता यावं म्हणून. सोमवारी त्याला हे सांगायचं. त्याच्याकडून आठवड्याला तीन ओळींची मेल मागायची, बाकी विचारायचं नाही." एवढंच. अर्धं पान, त्यात एक माणूस, आणि येत्या आठवड्यात करायची एक गोष्ट. पुढच्या रविवारी त्याखाली लिहायचं, केलं का, काय झालं. वडील पुस्तकं वाचायचे नाहीत पण त्यांच्या खिशात अशीच एक छोटी वही असायची, कुठल्या मागाला कधी काय झालं, कुठला विणकर रात्रपाळीला गळतो. वही नसती तर माझं अर्धं वाचन वाया गेलं असतं.

बाकीच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात, आत्ता मागवू नका, नुसती लक्षात ठेवा. कॅमिल फोर्निये यांचं 'द मॅनेजर्स पाथ', २०१७ चं, टेक लीडपासून सीटीओपर्यंत, म्हणजे कंपनीच्या तंत्रज्ञान प्रमुखापर्यंत, एकेक पायरीचं एकेक प्रकरण, तुम्ही तुमच्या पायरीचं आणि एक वरच्या पायरीचं वाचा, वरचं वाचलं की तुमचे साहेब तुमच्याकडं तीन माणसं का ढकलतायत तेही जरा समजेल. डिमार्को आणि लिस्टर यांचं 'पीपलवेअर' १९८७ चं, त्यांचं म्हणणं असं की आपल्या प्रोजेक्टची मोठी दुखणी तंत्रज्ञानाची कमी आणि माणसांची जास्त असतात, आणि प्रोग्रॅमरची तंद्री लागायला पंधरा-वीस मिनिटं जातात ती एका फोननं मोडते. ते वाचून मी दुपारी दोन ते पाच कुणाला मेसेज टाकायचा नाही असं ठरवलं, टीमनं वर्षभरानं सांगितलं की तुम्ही केलेल्या सगळ्यात हीच गोष्ट मोठी. पीटर ड्रकर यांच्या 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह'मधलं वेळेचं प्रकरण, त्यात ते सांगतात की वेळ कुठं जातो ते आठवून लिहायचं नाही, तीन-चार आठवडे त्या त्या वेळी नोंदवायचं, आठवण खोटं बोलते. आणि प्रॉडक्शनला काही बिघडल्यावर टीमशी कसं बोलायचं यासाठी गूगलच्या लोकांनी २०१६ मध्ये काढलेल्या 'साइट रिलायबिलिटी इंजिनियरिंग'मधलं पोस्टमॉर्टेमचं प्रकरण, ते ऑनलाइन फुकट वाचता येतं, माणसाला दोष न देता काय चुकलं ते कसं लिहायचं एवढंच त्यात आहे पण ते फार मोलाचं आहे.

एक वाचन मात्र या सगळ्याच्या आधी करा, त्याला पैसे लागत नाहीत आणि फार कमी मॅनेजर ते करतात. तुमच्या टीमनं गेल्या तीन महिन्यांत जे लिहिलंय ते वाचा. रिव्ह्यूमधल्या कॉमेंट्स, तिकिटांवरची बोलणी, मागच्या दोन-तीन बिघाडांचे मेल. कोण कुणाला कसं लिहितंय, कुणाच्या कॉमेंटला उत्तरच येत नाही, तुमचा मित्र आधी किती लिहायचा आणि आता किती. बग शोधायला नाही, निवांत, पुस्तक वाचतो तसं. मी पहिल्यांदा असं वाचलं तेव्हा मला दिसलं की एका मुलाचे प्रश्न सहा आठवडे सगळ्यांनी 'बघतो' म्हणून सोडलेत, आणि पुढच्याच महिन्यात त्यानं राजीनामा दिला. आधी वाचलं असतं तर तो थांबला असता असं मला अजूनही वाटतं.

वेळ कुठनं काढू म्हणाल. साडेदहाला लॅपटॉप बंद, साडेदहा ते सव्वाअकरा पंधरा पानं. घरी होत नसेल तर शनिवारी सकाळी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा, स्वतःचं पुस्तक घेऊन. आणि हुतात्मा तर आहेच, जायचे चार तास आणि यायचे चार, एवढा सलग वेळ पुण्यातल्या कुठल्या मॅनेजरला मिळतो?

त्या प्रवासावरूनच तीन माणसांचं. साहेबांना पुढच्या व्हिजिटला उत्तर द्यायचंय ना, तर एवढा एक अपवाद करा, जाताना फ्रेड ब्रुक्स यांच्या 'द मिथिकल मॅन-मंथ'चं दुसरं प्रकरण सोबत न्या, पुस्तक १९७५ चं आहे, म्हणून जुनं म्हणू नका. आयबीएममध्ये ओएस-३६० या ऑपरेटिंग सिस्टिमसारखं अवाढव्य काम सांभाळून झाल्यावर त्यांनी लिहिलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टला माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो. मी हे वाचायच्या आधी करून बसलेय. सहा जणांची टीम होती, प्रोजेक्ट दोन महिने मागे, मी हट्टानं चार माणसं मागून घेतली, जुन्यातले दोन चांगले हात नव्यांना शिकवण्यात अडकले, एकच काम दोघांनी केलं असं तीनदा झालं, आणि दोन महिन्यांचे पाच महिने झाले. हिशेब साधा आहे, सहा जणांत बोलण्याच्या जोड्या १५, दहा जणांत ४५. तुमच्या नऊ जणांत ३६ आहेत, बारा झाले की ६६. शिवाय त्याच प्रकरणात ब्रुक्स वेळेची वाटणी देतात, एक तृतीयांश प्लॅनिंग, एक षष्ठांश कोडिंग, आणि उरलेला अर्धा टेस्टिंग, तुमचं शेड्यूल काढून त्याच्याशेजारी ठेवा, टेस्टिंगला किती दिवस धरले होते बघा.

म्हणून साहेबांना नुसतं 'नको' म्हणू नका. म्हणा, या रिलीजला तीन माणसं नकोत, या रिलीजमधून दोन फीचर काढून द्या आणि तारीख एकदाच नीट बदलून द्या. तिघं पुढच्या रिलीजच्या पहिल्या दिवसापासून द्या, मी त्यांना आधीपासून तयार करतो. कुठली दोन फीचर ते गाडीत बसायच्या आधी त्या सीनियरला विचारा, त्याला ते नक्की माहीत असणार. प्रकरण छोटं आहे, कुर्डुवाडी येईपर्यंत होईल, मग दौंडपर्यंत वहीत मराठीत लिहून काढा साहेबांना काय सांगायचं ते. काय म्हणाले ते मला कळवा.